वहीत नसलेला रकाना

अण्णांच्या मधुमेहाची वही आता माझ्याकडे आहे. पतसंस्थेचे हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाने ठेवावी तशीच ती आहे. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने, त्यांत तारीख, जेवणाआधीची साखर, जेवणानंतरची साखर, वजन, रक्तदाब, आणि गोळ्यांत काही बदल झाला असल्यास शेवटी त्याची नोंद. १४ वर्षांत त्यांनी एकही तिमाही तपासणी चुकवली नाही. घरात लग्नकार्य असो की शेतात पेरणी, ठरल्या दिवशी ते उपाशीपोटी तालुक्याच्या डॉक्टरांकडे हजर असत. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, आणि इतकी नेटकी, एकही चौकोन रिकामा न ठेवलेली आकडेवारी मला माझ्या कामातही क्वचितच पाहायला मिळाली आहे. तिच्यात डोळ्यांसाठी मात्र रकाना नाही.

पंधराव्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, त्यांना उजव्या डोळ्यापुढे कोळिष्टकासारखे काही तरंगताना दिसू लागले. ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल, तू सुटीत आलीस की बघू,’ असे ते मला फोनवर म्हणाले, आणि मीही ‘बरं’ म्हणून विषय बदलला. आठ दिवसांनी त्या डोळ्यापुढे लालसर काळोख उतरला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळा तपासला आणि सांगितले की पडद्यावर नव्याने उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून आत रक्तस्राव झाला आहे, पडदा ओढला जाऊन सुटू लागला आहे, डाव्या डोळ्यातही तोच आजार आहे, पण तो लेझरने वाचवता येईल. मग त्यांनी विचारले, ‘याआधी पडद्याची तपासणी कधी झाली होती?’ अण्णांनी सवयीने पिशवीतून वही काढली आणि पाने उलटू लागले. त्या प्रश्नाचे उत्तर वहीत सापडणार नाही, हे माझ्या त्यांच्याआधी लक्षात आले होते. डावा डोळा वाचला. उजव्या डोळ्याने पुढची नऊ वर्षे त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळत राहिले.

तालुक्याच्या त्या डॉक्टरांवर मी बराच काळ राग धरून होते. ते कष्टाळू आणि प्रेमळ होते, अण्णांची साखर त्यांनी चांगली सांभाळली होती, पण १४ वर्षांत ‘डोळ्यांचा पडदा दाखवून या’ असे त्यांनी एकदाही सांगितले नाही. पुढे मला जाणवले की त्यांनी तसे सांगितले असते तरी अण्णा गेले असतेच असे नाही, कारण त्यांना नीट दिसत होते. नीट दिसत असताना ४० किलोमीटर एसटीने जायचे, थेंब घालून तासभर बसायचे, धूसर नजरेने कुणाचा तरी हात धरून परत यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचे, हे कुणाच्या गळी उतरवणे सोपे नाही. मधुमेहाच्या उपचारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग हा विषय निघाला की मला या ४० किलोमीटरची आठवण होते. पडद्याचा फोटो संगणकाकडून वाचून घेणाऱ्या मायकेल अब्रामॉफ या संशोधकाच्या कामाकडे मी ओढली गेले तीही त्यामुळेच.

आधी आजाराविषयी थोडे लिहिते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातील, केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. आधी त्यांच्यावर सूक्ष्म फुगे येतात, मग ठिपक्यांसारखे रक्तस्राव होतात, वाहिन्यांतून झिरपलेल्या चरबीचे पिवळसर कण पडद्यावर साचतात, आणि काही वाहिन्या बंदच पडतात. रक्त कमी पडलेला पडदा नव्या वाहिन्या मागू लागतो. त्या उगवतात, पण इतक्या ठिसूळ असतात की सहज फुटतात. ही सगळी वाटचाल काही वर्षांची असते, आणि पडद्याच्या मध्यभागाला सूज आली नाही किंवा नवी वाहिनी फुटली नाही, तर या संपूर्ण काळात माणसाला तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. त्याला काही कळत नाही. पडद्याच्या फोटोत मात्र सारे दिसत असते.

उपाय नव्हता असेही नाही. लेझरने डोळे वाचतात हे अमेरिकेतल्या ‘डायबेटिक रेटिनोपथी स्टडी’ने १९७६ मध्येच दाखवले होते, अंधत्वाच्या दारात आलेल्या डोळ्यांत तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण त्या उपचाराने निम्म्याहून अधिक घटले होते. पुढे पडद्याच्या सुजेवर डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली. इंग्लंडने २००३ पासून १२ वर्षे आणि त्यावरील मधुमेहींना बोलावून पडद्याचे फोटो काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा केला, ज्यात फोटो प्रशिक्षित कर्मचारी काढत आणि वाचणारी माणसेही केवळ त्याच कामासाठी तयार केलेली असत. तिथल्या २००९-१० च्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातील लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण मधुमेह राहिले नसल्याचे दिसले. पाच दशकांत असे प्रथमच घडत होते. त्यात साखरेच्या चांगल्या नियंत्रणाचाही वाटा असणार, पण अभ्यासकांनी फोटोंच्या कार्यक्रमाला त्याचे मोठे श्रेय दिले आहे. हे सारे माणसांनी माणसांचे फोटो वाचून साधले होते, हे मी मुद्दाम नोंदवते आहे. फोटो वेळेवर काढला जाणे हाच खरा उपाय होता, आणि फोटो वाचणाऱ्या यंत्राचे काम त्यानंतर सुरू होते.

मग यंत्र हवे कशाला, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या आकड्यांत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोक, मधुमेही आहेत. २०२२ च्या ‘स्मार्ट इंडिया’ अभ्यासात चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा सापडल्या, आणि ४ टक्के लोकांची दृष्टी धोक्यात होती. इतक्या लोकांचे डोळे दरवर्षी नेत्रतज्ज्ञाने स्वतः तपासायचे ठरवले, तर ज्यांना लेझर किंवा इंजेक्शन हवे आहे त्यांच्यासाठी तज्ज्ञाला वेळच उरणार नाही. जे ८७ टक्के लोक निरोगी पडदा घेऊन रांगेत उभे आहेत, त्यांना रांगेबाहेर काढायला कुणीतरी हवे.

अब्रामॉफ मूळचे नेदरलँड्सचे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ते नेत्रतज्ज्ञ आहेत आणि प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणाचे अभ्यासकही. ‘इमेजजे’ या मोफत प्रणालीवरच्या २००४ च्या ज्या लेखाचा संदर्भ जीवशास्त्राच्या असंख्य शोधनिबंधांत दिला जातो, त्याचे पहिले लेखक तेच. माझ्या काही विद्यार्थ्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजण्यासाठी ती प्रणाली वापरली आहे, तेव्हा हे नाव मला डोळ्यांच्या आधीपासून परिचयाचे होते. पडद्याचा फोटो संगणकाने स्वतः वाचावा आणि निर्णयही स्वतः द्यावा, असे ते मांडू लागले तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांचे नाव ‘रेटिनेटर’ ठेवले. ‘टर्मिनेटर’ चित्रपटातल्या, माणसांचा नाश करायला निघालेल्या यंत्राशी जुळणारे ते नाव काही कौतुकाने ठेवलेले नव्हते. त्यांनी २०१० मध्ये एक कंपनी स्थापन केली, आणि ११ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांच्या ‘आयडीएक्स-डीआर’ या यंत्रणेला मान्यता दिली. डॉक्टरने निकाल पडताळून न पाहता स्वतंत्रपणे निदान करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला, वैद्यकाच्या कोणत्याही शाखेत, त्या प्रशासनाने दिलेली ही पहिली मान्यता होती.

मान्यतेसाठी झालेली चाचणी मी वर्गात शिकवते, कारण ती मला संख्याशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत सचोटीची वाटते. यंत्रणेने किमान किती गुण मिळवले तर ती उत्तीर्ण मानायची, हे आधीच लिहून ठेवले होते: आजार असलेल्यांपैकी ८५ टक्के ओळखता आले पाहिजेत, आणि नसलेल्यांपैकी ८२.५ टक्के लोकांना ‘नाही’ असे सांगता आले पाहिजे. चाचणी सुरू होण्यापूर्वी प्रणाली कुलूपबंद केली गेली. मध्येच तिच्यात सुधारणा करण्याची मुभा नव्हती. चाचणी नेत्ररुग्णालयांत न होता दहा प्राथमिक दवाखान्यांत झाली आणि तिच्यात ९०० मधुमेही सहभागी झाले, ज्यांना पडद्याचा आजार असल्याचे आधी निदान झालेले नव्हते. कॅमेरा हाताळणाऱ्यांना असे फोटो काढण्याचा पूर्वानुभव नसावा ही अट होती, आणि त्यांना चार तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. यंत्राचा निकाल ज्याच्याशी ताडून पाहायचा ते उत्तर विस्कॉन्सिनच्या एका नामांकित फोटोवाचन केंद्राने दिले, आणि तेही अधिक रुंद फोटो व पडद्याच्या थरांचे छेदचित्र हाती घेऊन, म्हणजे यंत्राला जे उपलब्ध होते त्याहून अधिक सामग्रीच्या आधारे. परीक्षा कठीण करून तिला बसणारे संशोधन कमी आढळते, आणि म्हणूनच त्याचा आदर वाटतो.

निकाल असा होता: संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांपैकी ओळखले गेलेले, ८७.२ टक्के; विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांपैकी बरोबर ‘नाही’ सांगितले गेलेले, ९०.७ टक्के. वर्गात मी यावर विद्यार्थ्यांना गणित घालते. समजा, एका तालुक्यातल्या १००० मधुमेहींची तपासणी झाली आणि त्यांच्यापैकी १०० जणांना पाठपुरावा करण्याइतका आजार आहे. यंत्र त्यांच्यातले ८७ ओळखेल आणि १३ तसेच घरी जातील. तितका आजार नसलेल्या उरलेल्या ९०० जणांपैकी सुमारे ८४ जणांना यंत्र उगाचच तज्ज्ञाकडे पाठवील. म्हणजे तज्ज्ञाच्या दारात १७१ माणसे येतील आणि त्यांतली साधारण निम्मीच खरोखरच त्या आजाराची असतील. हे ऐकून मुले निराश होतात. मग मी त्यांना यंत्र नसतानाचा तालुका कल्पायला सांगते, जिथे १००० पैकी मोजकेच लोक तपासणीला जातात आणि चुकणाऱ्यांची संख्या १३ वर थांबत नाही. त्या १३ जणांचा प्रश्न मी तरीही झाकून ठेवत नाही, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाला लेखी सांगितले गेलेले असते की तुम्हाला आजार आढळला नाही. तपासणी दरवर्षी व्हायला हवी ती यासाठी. एका वर्षी निसटलेला माणूस पुढच्या वर्षी सापडण्याची शक्यता असते, कारण हा आजार बहुधा सावकाश पुढे सरकतो.

अब्रामॉफ यांच्या विचारातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्र डॉक्टरच्या मदतीला असेल तर चूक झाल्यावर जबाबदारी डॉक्टरची. पण यंत्र स्वतः निर्णय देणार असेल, तर ज्या सामान्य डॉक्टरने पडद्याचा फोटो वाचायचे शिक्षणच घेतलेले नाही त्याच्यावर चुकीचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे. म्हणून ते ओझे यंत्र बनवणाऱ्याने उचलावे, असे त्यांनी मांडले आणि त्यांच्या कंपनीने ती जबाबदारी विम्यासह स्वीकारली. प्रणालीची रचनाही त्यांनी या भूमिकेला शोभेल अशी केली: सूक्ष्म फुगे, रक्तस्राव, चरबीचे कण अशा खुणा ओळखणारे स्वतंत्र भाग, आणि त्यांच्या निष्कर्षांवरून एकत्रित निर्णय. नेत्रतज्ज्ञ ज्या खुणा शोधतो त्याच यंत्र शोधते. रुग्णाची त्वचा कोणत्याही रंगाची असो, पडद्यावरचा रक्तस्राव हा रक्तस्रावच असतो, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. निकालही दोनच: ‘आजार सौम्यापेक्षा पुढे गेला आहे, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा’ किंवा ‘तसे आढळले नाही, १२ महिन्यांनी पुन्हा तपासा’. फोटो वाचण्याजोगा नसेल तर यंत्र तसे सांगून थांबते.

याच काळात दुसरी वाट गूगलच्या संशोधकांनी चोखाळली होती. वरुण गुलशन, लिली पेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात संगणकाला कोणत्या खुणा पाहायच्या हे सांगितलेलेच नव्हते. १,२८,१७५ फोटो आणि ५४ डॉक्टरांनी त्यांना दिलेली प्रतवारी समोर ठेवून त्याला स्वतःच शिकू दिले होते. प्रत्येक फोटो तीन ते सात डॉक्टरांनी पाहिला होता, कारण एकाच फोटोवर जाणकारांचेही मत सारखे पडत नाही. त्या फोटोंत मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बंगळुरूचे नारायण नेत्रालय यांच्याकडचे फोटोही होते. पुढे २०१९ मध्ये अरविंद आणि शंकर नेत्रालयातल्या ३,०४९ रुग्णांवर ती प्रणाली प्रत्यक्ष तपासली गेली. मदुराईत संवेदनशीलता ८८.९ टक्के आणि विशिष्टता ९२.२ टक्के आली, चेन्नईत अनुक्रमे ९२.१ आणि ९५.२ टक्के. भारतीय डोळ्यांवर यंत्र चालते का, या शंकेला ते चांगले उत्तर होते.

पण अरविंद आणि शंकर नेत्रालय ही नेत्ररुग्णालये आहेत; तिथे अंधाऱ्या खोल्या आणि कसलेले तंत्रज्ञ असतात. थायलंडमध्ये पथुम थानी आणि चिआंग माई या प्रांतांतल्या ११ दवाखान्यांत तीच प्रणाली नेली गेली, तेव्हा काय झाले त्याचा अहवाल एमा बीडी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते. तिथल्या परिचारिकांना इतर सगळी कामे सांभाळून फोटो काढायचे होते. काही ठिकाणी खोली पुरेशी अंधारी करता येत नव्हती, त्यामुळे रुग्णांच्या बाहुल्या लहान राहत. पहिल्या काही महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्राने ‘वाचता येत नाही’ म्हणून नाकारले, आणि नियमाप्रमाणे अशा रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागे, मग परिचारिकेला स्वतःच्या अनुभवावरून त्याचा पडदा ठीक दिसत असला तरीही. इंटरनेट मंद असेल तर एकेक फोटो वर जायला मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक लागे आणि बाहेर रांग वाढत जाई. यंत्र फोटो उत्तम वाचत होते. अडचण फोटो मिळण्याची आणि पुढे जाण्याची होती. आपल्या ग्रामीण रुग्णालयात ज्यांनी एक दुपार काढली आहे, त्यांना यातले काहीही नवे वाटणार नाही.

म्हणूनच मुंबईत झालेला एक छोटा अभ्यास मला मोलाचा वाटतो. धारावीत वर्षानुवर्षे नेत्रसेवा देणारे आदित्य ज्योत रुग्णालयाचे डॉ. एस. नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींचे फोटो काढले. कॅमेरा बंगळुरूच्या ‘रेमिडिओ’ कंपनीचा, स्मार्टफोनवर बसवलेला. आणि फोटो वाचणारी प्रणाली त्या फोनमध्येच होती, इंटरनेटची गरज नव्हती. ज्यांना तज्ज्ञाकडे पाठवायला हवे होते अशा रुग्णांच्या बाबतीत संवेदनशीलता १०० टक्के आणि विशिष्टता ८८.४ टक्के आली. आता माझ्या विषयाला जागून सांगायला हवे की त्या १०० टक्क्यांसोबत छापलेली विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पल्ल्यात असू शकतो तो पल्ला, ७८.२ पासून १०० पर्यंत आहे. इतकी रुंद मर्यादा म्हणजे तसे रुग्ण मुळात पंधराच्या आसपासच होते आणि ते सगळे सापडले. त्यामुळे ‘मुंबईचे यंत्र कधीच चुकत नाही’ असा अर्थ कुणी काढू नये, आणि संशोधकांनीही तो काढलेला नाही. साखरेच्या गोळ्या घ्यायला माणूस ज्या पालिकेच्या दवाखान्यात येतोच, तिथे त्याच खेपेत पडद्याचा फोटो निघतो आणि त्याच खेपेत निकाल मिळतो, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. अण्णांच्या ४० किलोमीटरला उत्तर होते ते हेच.

निकाल लगेच मिळण्याचे महत्त्व किती, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. रिसा वुल्फ यांनी केलेल्या चाचणीतून आकड्यांनिशी दिसते. ८ ते २१ वर्षे वयाच्या १६४ मधुमेही मुलामुलींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला नेहमीप्रमाणे ‘नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन या’ असे समजावून सांगितले, त्याचे महत्त्वही पटवले. दुसऱ्या गटाची तपासणी मधुमेहाच्या दवाखान्यातच, अब्रामॉफ यांच्या यंत्रणेने, त्याच भेटीत झाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातल्या २२ टक्के मुलांची डोळ्यांची तपासणी पूर्ण झाली, दुसऱ्या गटातल्या सगळ्यांची. हा फरक अपेक्षितच म्हणावा लागेल. मी थबकले ती त्यापुढच्या आकड्यावर. यंत्राने ज्या २५ मुलांना तज्ज्ञाकडे पाठवले त्यांच्यापैकी १६ जण, म्हणजे ६४ टक्के, खरोखर तज्ज्ञापर्यंत पोहोचले. ‘सर्वांनी जावे’ या सल्ल्याने २२ टक्के हलले, आणि ‘तुझ्या डोळ्यात काहीतरी दिसते आहे’ या वाक्याने ६४ टक्के. उरलेले नऊ का गेले नाहीत हा प्रश्न माझ्या मनात राहतोच. भाडे, रजा, भीती, कोणाला तरी सोबत न्यावे लागणे, यांवर कोणतीही प्रणाली काम करीत नाही. पडद्याचा फोटो वाचला गेल्यावर लेझर देणारा माणूस आणि तिथवर जाणारी एसटी लागतेच.

गेल्या वर्षी दादाला मधुमेह निघाला. प्रौढ वयात होणारा हा (टाइप २) मधुमेह निदानाआधी काही वर्षे अंगात असू शकतो, म्हणून निदान होताच पडदा तपासायचा असतो. मी त्याला दुसऱ्याच दिवशी ते सांगितले. तो ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांच्या दवाखान्यात आता असा कॅमेरा आहे. मी सोबत गेले होते. रक्तदाब मोजणाऱ्या मुलीनेच त्याची हनुवटी टेकवून घेतली, दिवा बंद केला, खिडकीवर जाड चादर ओढली. उजव्या डोळ्याचा फोटो पहिल्या खेपेत निघाला. डाव्याचा यंत्राने नाकारला. ‘काका, डोळा जरा मिटून बसा, थेंब घालते,’ असे म्हणून तिने वीस मिनिटे थांबवले आणि पुन्हा फोटो घेतला. मला थायलंडच्या त्या परिचारिका आठवल्या. या मुलीला वीस मिनिटे देता आली, कारण त्या दुपारी बाहेर चारच माणसे होती. काही क्षणांत निकाल आला: नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. दादा काही बोलला नाही. बाहेर आल्यावर त्याने उजव्या डोळ्यावर हात ठेवून रस्त्यापलीकडची दुकानाची पाटी वाचून पाहिली, मग डाव्या डोळ्यावर हात ठेवून पुन्हा वाचली.

चौथ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी सविस्तर तपासणी केली. दोन्ही पडद्यांवर दोन-तीन सूक्ष्म फुगे होते, आजार सौम्य होता, आज उपचाराची गरज नव्हती. साखर आणि रक्तदाब सांभाळा आणि वर्षभराने इथेच या, असे त्यांनी सांगितले. यंत्राच्या मोजमापाने पाहिले तर दादा त्या ८४ जणांमधला होता, ज्यांना तज्ज्ञाकडे पाठवायची गरज नव्हती. ‘एवढ्यासाठी दोन दिवस दुकान बंद ठेवलं,’ असे तो परतताना गाडीत म्हणाला. मी वर्गात फळ्यावर लिहिते त्या विशिष्टतेची किंमत काय असते, हे मला त्या वाक्यात ऐकू आले: खते-बियाण्यांचे दुकान ऐन हंगामात दोन दिवस बंद. हे त्याचे नुकसान खरे होते आणि मी ते मान्य केले. मग अण्णांची वही काढून त्याच्या हातात दिली. वहीत काय नाही, हे त्याला सांगावे लागले नाही. तो शेवटच्या पानांवरचे अक्षर बघत राहिला, जिथे अण्णांच्या ओळी रकान्याबाहेर उतरत गेल्या आहेत.

घरी आल्यावर आम्ही नवी वही आखली. तारीख, साखर, वजन, रक्तदाब आणि त्यांच्या शेजारी ‘डोळे’. पहिली नोंद मी केली: उजवा सौम्य, डावा सौम्य, उपचार नाही. पुढच्या तपासणीची तारीख दादाने स्वतः लिहिली, डिसेंबरचा दुसरा आठवडा. तोवर रब्बीची गर्दी ओसरलेली असते आणि दुकान वहिनीवर सोडून जाता येते.